सात नंबरची पाटी

१

दोन नंबरच्या प्रेसखाली रक्त सांडलं होतं आणि ते पुसायला कुणी पुढे होत नव्हतं. एरवी त्या शॉपमध्ये तेलाचा थेंब पडला तरी चार माणसं चिंध्या घेऊन धावायची.

मार्च महिना होता, सुरक्षा सप्ताहाचा शेवटचा दिवस, मंगळवार. रायसेन रोडवर आनंद नगरच्या पुढे 'विंध्य स्विचगियर' हा सरकारी कारखाना होता. तेव्हा भोंगा झाला की अख्खी टाउनशिप घड्याळं लावून घ्यायची, आणि कुठल्या क्वार्टरमध्ये काय शिजतंय हे सायकलवरून जाणाऱ्यालाही कळायचं. त्या दिवशी अकरा वाजता तपासणीची कमिटी यायची होती. सर्वांत स्वच्छ, नीटनेटक्या आणि सुरक्षित शॉपला ढाल मिळणार होती. आणि दहा चाळीसला शांताराम ढोकच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली.

शांताराम साच्याखाली अडकलेला पत्रा काढायला मागच्या बाजूने आत वाकला होता. पुढून दिलीप मालवीयने यंत्र सुरू केलं. त्याला आत कोणी आहे हे दिसलंच नाही.

शॉपच्या हत्यारखोलीची कारकून नलिनी खानझोडे धावत आली तेव्हा फोरमन गोपीनाथ सोहोनी गुडघ्यांवर बसून स्वतःच्या रुमालाने शांतारामचा हात बांधत होते. त्यांचा पांढरा शर्ट कोपरापर्यंत लाल झाला होता. शांताराम एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"काका, मी पाटी लावली होती. काका, मी पाटी लावली होती ना."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

भिंतीवर हिरवा फळा होता. त्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची, करवतीची पांढरी आकृती रंगवलेली. हत्यार उचललं की रिकामी आकृती उरायची, आणि काय बाहेर आहे ते लांबूनच समजायचं. कामगार त्याला 'नकाशा' म्हणत. नकाशाच्या खालच्या ओळीत पत्र्याच्या दहा लाल पाट्या तारेने टांगलेल्या असत: 'मशीन बंद रखें, आदमी अंदर है.' यंत्रात हात घालणाऱ्याने आपल्या नंबरची पाटी नेऊन त्या यंत्राच्या स्विचच्या दांड्याला अडकवायची, आणि ज्याने अडकवली त्यानेच ती काढायची. यंत्र सुरू करणाऱ्याने आधी स्विच बघायचा, मग नकाशा बघायचा. हा नियम गोपीनाथकाकांनीच सतरा वर्षांपूर्वी घातला होता, आणि सतरा वर्षांत त्या शॉपमध्ये कुणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं.

शांतारामचा नंबर सात. आणि सात नंबरची पाटी नकाशावर आपल्या जागी, सरळ रेषेत, टांगलेली होती.

२

"नलू, जेवढं पाहिलंस तेवढंच लिही," काका दुपारी म्हणाले. "अपघातानंतर पाटी जागेवर होती. बस."

नलिनीने लिहिलं. पाट्यांची वही असती तर प्रश्नच नव्हता. पाटी नेताना कामगार तिच्या खिडकीत सही करत. पण त्या दिवशी वही कमिटीला दाखवायला काकांच्या टेबलावर मांडली होती. आणि तिच्या खिडकीतून नकाशा दिसत नव्हता.

काकांनी सांगितलं आणि तिने केलं, असं बारा वर्षं चाललं होतं. नवरा गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, नागपूरला परत जायच्या तयारीत. काका साहेबांच्या केबिनबाहेर तीन दिवस स्टुलावर बसून राहिले आणि तिला नोकरी मिळवून दिली. काम त्यांनीच शिकवलं. वस्तू कुठे ठेवायची, कशी ठेवायची. पान्यावर तेलाचं बोट राहिलं तर ते तिला परत पाठवायचे, "पुसल्याशिवाय जागेवर नाही, नलू." घरी स्वयंपाकघरातले डबेसुद्धा ती त्यांच्या पद्धतीने लावायची.

संध्याकाळी नोटीस लागली. शनिवारी कारखान्याचे मॅनेजर चटर्जीसाहेब यांच्यासमोर चौकशी. कामगाराने पाटी न लावता यंत्रात हात घातला असं ठरलं तर बडतर्फी, आणि महिन्याच्या आत क्वार्टर खाली.

त्या नोटिशीच्या शेजारीच दुसरा कागद होता. ढाल त्यांच्याच शॉपला मिळाली होती. कमिटीने अपघात न मोजताच गुण भरले होते म्हणे, फोटो आणि वही बघून.

३

बुधवारी संध्याकाळी शांतारामची बायको रजनी नलिनीच्या दारात आली. दोघींची क्वार्टरं एकाच जिन्यावर. हातात कापडी पिशवी होती.

"ताई, सगळे म्हणतात यांनी पाटी लावलीच नाही. अकरा वर्षं रोज जेवायला बसताना ज्या माणसाने आम्हाला नियम ऐकवले, तो विसरेल?"

"घाईत होते, रजनी. कमिटी येणार होती."

"तुम्हीही तेच म्हणा." रजनीचा आवाज चिरकला. "दिलीप म्हणतो, पाटी नव्हती. युनियनचे मोहनबाबू म्हणतात, नव्हती. ज्या काकांनी हात बांधला तेही म्हणतात, शांताराम विसरला असेल. दिवाळीला हेच सगळे माझ्या घरी अनारसे खाऊन गेले होते ना?"

नलिनीचाही कागद त्याच फायलीत होता.

रजनीने पिशवीतून शांतारामची निळी पँट काढली. उजव्या मांडीवर पिवळा डाग होता. "शुद्धीवर आल्यावर म्हणाले, दांड्याचा रंग ओला होता, हाताला लागला म्हणून पँटला पुसला. हा बघा. तीनदा धुतली तरी जात नाही."

नलिनीने डाग नखाने खरवडला. ऑइल पेंट. स्विचचे दांडे मंगळवारी सकाळी आठला पिवळे रंगवले होते, तेही कमिटीसाठीच. म्हणजे शांतारामने दांड्याला हात लावला होता.

"आणि हा काकांचा रुमाल. यांच्या हाताला बांधला होता ना, तो. परत देऊन टाका त्यांना. मला त्यांच्याकडे जाववत नाही."

धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेला रुमाल. नलिनीने तो टेबलाच्या खणात टाकला आणि पँटच हातात धरून बसली. दांड्याला हात लावला याचा अर्थ पाटी लावली असा होत नाही, असं चटर्जीसाहेब म्हणतील. पण पाटी जर ओल्या दांड्यावर होती, तर पाटीला तार आहे.

गुरुवारी भोंग्याच्या आधी ती शॉपमध्ये पोचली आणि तिने सात नंबरची पाटी खाली घेतली. तार स्वच्छ होती. बाकीच्या नवांपेक्षाही स्वच्छ. तिने टाचणीने तारेचा पीळ उकलला.

पिळाच्या आत पिवळा रंग होता.

४

शांताराम खरं बोलत होता. पाटी दांड्यावर होती आणि शांताराम आत असताना कुणीतरी ती काढून नकाशावर आणून लावली होती.

तिने आधी दिलीपला गाठलं. प्रेसचा ऑपरेटर, पंचविशीचा, दोन दिवसांत दाढी वाढलेली.

"दिलीप, सच बता. पाटी तूने निकाली?"

"दीदी, आप भी!" तो भिंतीला टेकून खालीच बसला. "साडेदसपर सब मशीनें चालू चाहिए, ऐसा ऑर्डर था. मैं तो पेंटवाले के साथ पीछे सीढ़ी पकड़के खड़ा था, पौने दस से. आया, स्विच देखा, खाली. नक्शा देखा, पूरा भरा हुआ. दो बार देखा, दीदी. काका ने जैसा सिखाया वैसाच देखा."

तो मराठी लोकांत वाढलेला, त्यामुळे रडताना हिंदीत मधेच मराठी मिसळायचा. पेंटरनेही तेच सांगितलं: शिडी साडेदहापर्यंत दिलीपच्याच हातात होती.

म्हणजे पावणेदहा ते साडेदहा. त्या वेळात नकाशाजवळ आणखी एक माणूस होता. फोटोग्राफर.

नलिनीने अर्धी रजा टाकली आणि बस पकडून अशोका गार्डनला गेली. रेल्वे लाइनच्या अंगाला, सायकलवाल्याच्या आणि गिरणीच्या मधे सुरेश जैनचा स्टुडिओ होता. सुरेशजी साठीचे. काळं कापड डोक्यावर घेऊन फोटो काढायचा तिपायीचा जुना कॅमेराच त्यांना पसंत होता.

"नकाशाचा फोटो? वो तो बहुत सुंदर आया," ते म्हणाले. "बस एक दाग़ है. मैंने किसी को बताया नहीं, पैसे काट लेंगे."

त्यांनी मोठी प्रत काढून भिंगाखाली ठेवली. पाने, हातोड्या, करवती, सगळं काचेसारखं स्पष्ट. खालच्या ओळीत दहा पाट्या. नऊ पाट्यांवरची अक्षरं वाचता येत होती. सातवी अंधुक होती, कडांना धूर सुटल्यासारखी.

"हे काय आहे?"

"फ्लैश मारता तो नए पेंट पर चमक आती, बहनजी. इसलिए बिना फ्लैश, चार सेकंद का फोटो. चार सेकंद में जो चीज़ हिले, वो ऐसी आती है."

नऊ पाट्या सकाळपासून स्थिर टांगलेल्या होत्या. सातवी हलत होती. म्हणजे फोटोच्या क्षणभर आधी कुणीतरी ती तिथे अडकवली होती. फोटोतली ओळ पूर्ण दिसावी म्हणून.

"सुरेशजी, किसने लगाई? आप वहीं थे."

"सवा दस बजे होंगे, मैं तो कपड़े के अंदर था. कांच पर सब उल्टा दिखता है. पहले लाइन में एक जगह खाली थी, फिर एक हाथ आया और गया. फिर मैंने प्लेट डाली, झुका हुआ था, किसी ने पीछे से कहा, लीजिए. बाद में देखा तो चार-पाँच लोग इधर-उधर." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "हाँ, बाँह सफ़ेद थी. पूरी बाँह. बाकी सब तो आपके यहाँ नीले होते हैं."

५

पांढरी पूर्ण बाही. परतीच्या बसमध्ये नलिनीने खिडकीच्या गजावर डोकं टेकलं आणि शॉपमधली माणसं एकेक करून डोळ्यांसमोर आणली. कामगार निळ्या कपड्यांत. पेंटर बनियनवर. पांढरा झब्बा-पायजमा रोज घालून येणारा एकच, युनियनचा सेक्रेटरी मोहन तिवारी. आणि शांतारामने डिसेंबरमध्ये त्याची युनियन सोडली होती. भर मीटिंगमध्ये, वर चार शब्द सुनावून.

मोहनबाबू युनियनच्या खोलीत होते. टेबलावर पेपर, पानाचा डबा, तीन कप, एक फाटकी छत्री आणि त्यांची चप्पल.

"आइए, नकाशावाली बाई," ते हसले. "हमारी मेज़ भी नक्शे पर चढ़ाने आई हो?"

"मंगळवारी सव्वादहाला तुम्ही कुठे होतात, मोहनबाबू?"

"अरे वा. फोरमन साहब ने जासूस रखी है." पण तिचा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. "गेट पर. काला फीता बाँधके, चालीस आदमी के साथ. कमिटी को दिखाना था कि दस्ताने फटे हुए देते हो और दीवारें रंगवाते हो. नौ बजे से ग्यारह बजे तक. चौकीदार से पूछो, उसने सबके नाम लिखे, साहब को देने के लिए."

नलिनीने गेटवर जाऊन विचारलं. पहिलं नाव मोहन तिवारींचंच होतं.

ती परत निघाली तेव्हा मोहनबाबू मागून आले. "सुनो. शांताराम से मेरा झगड़ा है, और रहेगा. पर मैंने अपने बयान में सिर्फ़ इतना लिखा कि हादसे के बाद पाटी बोर्ड पर थी. जो देखा वो लिखा. तुमने भी वही लिखा ना? फिर हम दोनों से लिखवाया किसने?"

हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता.

शॉपमधले सगळे पांढरे कपडे मोजले असं तिला वाटत होतं. एक माणूस तिने मोजलाच नव्हता. मंगळवारी ती धावत आली तेव्हा जो पांढरा शर्ट कोपरापर्यंत रक्ताने भरला होता, तो फक्त कमिटीसाठी घातलेला, पूर्ण बाह्यांचा, नवा शर्ट होता.

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. टेबलाचा खण उघडला आणि रुमालाची घडी मोडली. कोपऱ्यात काकूंनी भरलेलं 'गो' हे अक्षर. रजनीने रक्त सगळं काढलं होतं. पण मधोमध, तारेच्या जाडीच्या, एकमेकींना खेटून गेलेल्या दोन पिवळ्या रेघा तशाच होत्या.

दुसऱ्या कुणी ती पाटी जागेवर लावली असती तर तारेवर रंग तसाच राहिला असता. पुसल्याशिवाय वस्तू जागेवर न ठेवणारा माणूस त्या कारखान्यात एकच होता.

६

गोपीनाथकाका अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने होते, आणि घरातल्या खोक्यांवर कशात काय आहे याच्या चिठ्ठ्या आतापासूनच चिकटवलेल्या होत्या.

"काका, रुमाल द्यायला आले. रजनीने धुऊन दिलाय."

त्यांनी हात पुसले, रुमाल घेतला, उलगडला. बराच वेळ बघितला. मग जुन्याच घड्यांवर त्याची घडी घातली.

"सुचेता," त्यांनी आत हाक मारली, "नलू आलीय. चहा टाक." आणि मग खालच्या आवाजात, "डाग धुऊन निघाला नाही म्हणायचा."

नलिनीला वाटत होतं, ते म्हणतील, कसला डाग, काय बोलतेस. तसं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"का, काका?"

"ओळ तुटलेली दिसत होती. नऊ पाट्या आणि एक खळगा. सतरा वर्षांत एकदा ढाल मिळणार होती, आणि फोटो कायमचा लागणार होता हेड ऑफिसला. प्रेसपाशी गेलो, शांताराम दिसला नाही. वाटलं, पत्रा टाकायला गेला असेल. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. फोटो झाला की परत अडकवणार होतो. तेवढ्यात गेटवर आरडाओरडा झाला, कोणी म्हणालं गाडी आली. मी तिकडे धावलो."

"आणि विसरलात."

"विसरलो."

"कधी आठवलं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "हात बांधायला रुमाल काढला तेव्हा."

म्हणजे शांताराम 'मी पाटी लावली होती ना, काका' म्हणत होता, तेव्हा काकांना सगळं ठाऊक होतं. आणि त्यानंतर दोन तासांनी त्यांनी तिच्या हातात पेन दिलं होतं.

"माझ्याकडून लिहून घेतलंत."

"खोटं काय लिहिलंस त्यात? जे पाहिलंस तेच."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवून लिहिलं, काका. पाहिलं म्हणून नाही."

चहा आला. काकूंनी तिच्या गालाला हात लावला, वाळलीस गं म्हणाल्या, आत गेल्या. काकांनी कप उचलला नाही.

"शनिवारी मी सांगतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाने. तुझ्याकडून नको, नलू. दोन दिवस दे मला. हिलाही अजून सांगायचंय. एवढं दे."

तिने दिले. बारा वर्षांत त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. रुमाल त्यांच्याकडेच राहिला आणि ती उठली.

जिन्यात रजनी उभी होती. वाटच बघत असावी. "ताई, काही कळलं?"

नलिनीने कठड्यावर हात ठेवला. "नाही गं. अजून काही नाही."

७

शनिवारी चटर्जीसाहेबांच्या खोलीत सगळे बाकांवर बसले. शांतारामला दवाखान्यातून आणलं होतं, हात गळ्यात बांधलेला. रजनी मागे, पदर घट्ट ओढून. गोपीनाथकाका इस्त्रीच्या कपड्यांत उभे राहिले.

"साहेब," काका म्हणाले, "फार चौकशीची गरज नाही. शांतारामने काल स्वतःहून कबुली दिली आहे." आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

"मैंने तख्ती नहीं लगाई थी," चटर्जीसाहेबांनी वाचलं. "जल्दी में भूल गया. किसी का दोष नहीं. बायाँ अँगूठा, शांताराम ढोक. गवाह, गोपीनाथ सोहोनी."

रजनी मागून ओरडली, "हे कधी केलंत तुम्ही?"

शांतारामने मान खाली घातली. "काका संत्री घेऊन आले होते काल. म्हणाले, कबूल केलंस तर मुलांची परीक्षा होईपर्यंत क्वार्टर ठेवतील. म्हणाले, शॉक बसला की माणसाला न केलेलं केल्यासारखं वाटतं." "काका खोटं का सांगतील? मलाच वाटायला लागलं की मी लावली नसेल."

नलिनीने काकांकडे पाहिलं. तिच्याकडून मागून घेतलेले दोन दिवस त्यांनी कुठे वापरले ते तिला कळलं. ती उठली.

"साहेब, ही कबुली खोटी आहे. शांतारामने पाटी लावली होती." काका खरं सांगतील तेव्हा दाखवायला आणलेली सात नंबरची पाटी तिने टेबलावर ठेवली आणि पीळ उकलला. "हा दांड्याचा रंग. दांडा मंगळवारी सकाळीच रंगवलाय. पाटी ओल्या दांड्यावर गेल्याशिवाय तारेच्या आत हा रंग येत नाही. म्हणजे शांतारामने लावली आणि दुसऱ्याने काढली." मग तिने फोटो ठेवला, वर सुरेशजींचं भिंग. "हा सव्वादहाच्या सुमाराचा फोटो. नऊ पाट्या स्थिर, सातवी हलतेय, कारण ती त्याच क्षणी अडकवली होती. फोटोग्राफर बाहेर बसलेत, विचारा. हात पांढऱ्या बाहीचा होता. त्या दिवशी पांढरे पूर्ण बाह्यांचे कपडे दोघांचे होते. मोहनबाबू अकरापर्यंत गेटवर होते, चौकीदाराच्या वहीत नाव आहे."

खोलीतली सगळी डोकी हळूहळू एकाच बाजूला वळली.

"आणि काढणाऱ्याने लावण्याआधी तार पुसली," ती म्हणाली. "बाहेरून पुसली, आतून राहिली. ज्या रुमालाने पुसली त्यावर तारेच्या रेघा आहेत. त्याच रुमालाने शांतारामचा हात बांधला. रजनीने तो धुतलाय. विचारा तिला."

"थे," मागून रजनी म्हणाली. साहेबांना कळावं म्हणून ती हिंदीत बोलली. "पीले दाग़ थे, साहब. मुझे लगा इनके हाथ का रंग है."

चटर्जीसाहेबांनी चष्मा काढला. "सोहोनी. रुमाल किधर है?"

टाकून दिला म्हणाले असते तर कोण काय करणार होतं? पण काकांचा हात खिशाकडे गेला. घडी केलेला रुमाल त्यांनी टेबलाच्या कडेला, कडेशी समांतर ठेवला आणि खाली बसले.

मग, कुणी काही विचारलेलं नसताना, ते नलिनीकडे बोट करून म्हणाले, "हिला गुरुवारीच माहीत होतं. माझ्या घरी येऊन गेलीय. दोन दिवस हीच गप्प बसलीय, साहेब. हिलाही विचारा."

८

त्याच दुपारी कागद बदलले. शांतारामची नोकरी राहिली, हात बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये बसवायचं ठरलं. क्वार्टर राहिलं. ढाल कोणीतरी साहेबांच्या शिपायाकडून परत पाठवली. गोपीनाथ सोहोनींचे दोन महिने रजेत गेले. त्यांना निरोपाचा चहा दिला नाही आणि त्यांनीही मागितला नाही.

संध्याकाळी नलिनी जिना उतरून रजनीच्या घरी गेली. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत दोन ट्रंका आणि एक पोतं तोंड बांधून तयार होतं. सामान आधीच बांधलेलं तिला माहीत नव्हतं.

शांताराम कॉटवर झोपला होता. रजनी ट्रंक उघडून भांडी परत काढत होती. पातेली, डबे, परात, मुलांच्या शाळेच्या वह्या.

"कधी बांधलंस गं हे सगळं?" नलिनीने विचारलं.

"शुक्रवारी. यांनी अंगठा दिल्याचं सांगितलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे तोंडावरून कळलं." रजनीने हात थांबवला नाही. "गुरुवारी तुम्ही जिन्यात नाही म्हणालात ना, म्हणून सकाळी बांधायला घेतलं."

नलिनी काय सांगणार होती? काकांनी दोन दिवस मागितले होते, हे सांगणार होती? ते दोन दिवस तिचे नव्हतेच. ज्यांचे होते त्यांना तिने विचारलंही नव्हतं.

तिने वाकून पिठाचा मोठा डबा उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. फळ्या रिकाम्या होत्या. डबा कुठे ठेवायचा हे तिला नजरेनेच कळलं असतं, मोठे खाली, छोटे वर, रोजचे हाताशी.

मागून रजनी आली आणि तिने डबा नलिनीच्या हातातून काढून घेतला. ओढून नाही, अगदी हळू.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "माझ्या घरात काय कुठे ठेवायचं ते मला ठाऊक आहे."